एकाच खोलीत आईला थंडी, ताईला उकाडा आणि बाबांना काहीच नाही, हे नेमकं काय प्रकरण आहे?

साखळीकर
नमस्कार मंडळी. मे महिना, आमच्या गोव्यातल्या साखळीत दुपारी झाडाचं पान हलत नाही आणि अंगाला नुसती चिकचिक. हॉलमध्ये एसी घेतला तो सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून, झालं उलटंच. २६ वर लावला तरी आई (वय ७३) पायात मोजे घालून शाल पांघरून बसते आणि म्हणते हाडात शिरतं रे. ताई सुट्टीला आलीय, ती पन्नाशीची, ती येऊन २० वर आणते, थोड्या वेळाने तीच म्हणते बंद करा आता, आणि परत जरा वेळाने पदराने वारा घेत बसलेली. बाबांची (७८) वेगळीच तऱ्हा, ते हॉलमध्ये येतच नाहीत, भर बाराला फुलशर्ट घालून पोफळीत फिरतात, वर विचारतात "खंय आसा उकाडा?" (कुठे आहे उकाडा?) आणि पाणी पुढे केलं की तहान नाही. मी आणि बायको मधल्या मधे रिमोट लपवत फिरतो.
माझा प्रश्न साधा आहे, वय आणि बाई-पुरुष ह्याने खरंच शरीराला हवा वेगळी जाणवते का की हे नुसते नखरे? कुणाला नीट माहिती असेल तर लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं ढकलपत्र नको.

कुळागर
एसी काढून टाका, सगळे बरे होतील. चिऱ्याच्या जाड भिंती, वर नळे (कौलं), मधे राजांगण (घराच्या मधलं उघडं अंगण), खाली शेणाने सारवलेलं. आमच्या आज्जीने आयुष्यात पंख्याचं बटण दाबलं नाही.

वास्को_दर्या
कुळागरभाऊ, आज्जीचं घर विकून आपणच स्लॅबचा फ्लॅट घेतलाय, आता कुठला नळा नि कुठलं राजांगण.

दोतोर_निवृत्त
साखळीकर, नखरे नव्हेत. तिघांची तीन वेगळी कारणं आहेत, एकेक सांगतो.
आईपासून सुरू करू. शरीरात ऊब तयार होते ती बरीचशी स्नायूंत. वय वाढतं तसे स्नायू झडतात, बसल्या जागी जळणारी ऊर्जा कमी होते, कातडीखालची चरबी पातळ होते आणि थंडी लागली की हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून आतली ऊब राखायचं जे काम असतं ते हळू नि अर्धवट होतं. म्हणजे भट्टीच लहान झालीय. तुम्हाला २६ ला बरं वाटतं तेव्हा तिला खरोखरच गार लागतं, विशेषतः ती हलत नसेल तर. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका.
बाबांचं प्रकरण जास्त काळजीचं आहे. त्यांना उकाडा होत नाही असं नाही, उकाडा झाल्याची वर्दी मेंदूपर्यंत उशिरा जाते. उतारवयात घाम सुटायला वेळ लागतो, प्रत्येक घामग्रंथीतून घाम कमी येतो, कातडीकडे रक्त कमी वळतं. वर तहान बोथट होते. १९८४ साली ऑक्सफर्डमधल्या डॉक्टरांनी ६७ ते ७५ वयाचे ठणठणीत पुरुष आणि विशी-तिशीतले तरुण दोघांना २४ तास पाण्यावाचून ठेवलं, मग पाण्याचा जग समोर ठेवला. तरुण गटागट प्याले, म्हाताऱ्यांच्या रक्तात पाण्याची तूट जास्त असूनसुद्धा ते कमी प्याले आणि तोंड सुकलंय अशी फारशी तक्रारही केली नाही. म्हणून "तहान नाही" हे उत्तर बाबांकडून ग्राह्य धरायचं नाही.
बीपीची गोळी घेतात का ते लिहा.

साखळीकर
घेतात दोतोर, दोन आहेत, त्यातली एक लघवीची म्हणतात ती.

दोतोर_निवृत्त
वाटलंच. लघवी वाढवणारी गोळी पाणी आणि मीठ दोन्ही बाहेर काढते. दुसरी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी) असेल तर उन्हात हृदयाने जो वेग पकडायला हवा तो पकडत नाही. काही मानसिक आजारांच्या, अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्या घाम आटवतात. आता ह्याचा अर्थ गोळी बंद करा असा कुणी काढू नका, उन्हाळ्याच्या सुरवातीला आपल्या डॉक्टरांना विचारायचं की डोस तोच ठेवायचा का, आणि पाणी किती प्यायचं, कारण हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर भरमसाठ पाणीसुद्धा चालत नाही. दुपारी पेज मीठ घालून दिली तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, पाणी म्हटलं की नको असतं.

फोंड्याची_सून
ऑफिसातल्या एसीवर बोलते कारण तिथे माझी हाडं गोठलीयत. आमच्याकडे सगळ्या बायकांच्या खुर्चीवर स्टोल लटकलेली असते, मे महिन्यात बाहेर ३४ आणि आत आम्ही स्टोल गुंडाळून टायपिंग करतो. साहेब मात्र सुटात, सॉक्स-बूट, म्हणे पर्फेक्ट आहे. ह्यावर मी वाचलेलं आहे. इमारतीत किती गारवा ठेवायचा ह्याचं जे गणित जगभर वापरतात ते १९६०-७० च्या दशकातलं, त्यात माणसाच्या अंगातून किती उष्णता निघते तो आकडा धरला होता सुमारे ४० वर्षांच्या, ७० किलोच्या पुरुषावरून. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोघा संशोधकांनी दाखवलं की बैठं काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत हा आकडा ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरला जातो. म्हणजे यंत्राला वाटतं आम्ही साहेबांइतक्या तापतोय.

वास्को_दर्या
तो अभ्यास किती जणींवर होता तेही लिहा ना ताई. १६ तरुण मुली. त्यावरून जगातल्या बायका.
आणि मुळात हे बाई-पुरुष आहे की आकारमान आहे? माझा धाकटा भाऊ शेवग्याची शेंग, जहाजावर असतो, घरी आला की एसीत स्वेटर घालतो. माझी मावशी खोर्लीची, तिला बारा महिने पंखा पाचवर.

फोंड्याची_सून
१६ च होत्या, बरोबर, पण एका ४० वर्षांच्या पुरुषावरून सगळ्या इमारती थंड केल्या तेव्हा कुणी विचारलं नाही की सॅम्पल केवढं.

कुळागर
😄 बसला.

दोतोर_निवृत्त
वास्को_दर्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. बायका सरासरीने लहान चणीच्या, त्यामुळे वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त, स्नायू कमी, आणि हातपाय लवकर गार पडतात, आतलं तापमान पुरुषाइतकंच असताना. सारख्या उंची-वजनाचे, सारख्या तब्येतीचे बाई नि पुरुष शेजारी बसवले तर फरक बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. खूप जोराचं काम असेल तर बायकांना घाम कमी येतो हे प्रयोगांत दिसलंय. पण गोव्यासाठी गंमत अशी की कोरड्या उन्हात, राजस्थानसारख्या, जास्त घाम येणारा पुरुष फायद्यात राहतो आणि दमट हवेत उलटं होऊ शकतं, कारण इथे घाम सुकतच नाही, नुसता ठिबकतो, ठिबकलेल्या घामाने अंग गार होत नाही, फक्त अंगातलं पाणी जातं. १९८० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दमट उष्णतेत बायकांच्या शरीराचं तापमान पुरुषांपेक्षा कमी वाढलं होतं.

सत्तरीचो
म्हणजे शर्ट पिळून निघतो तो घाम फुकटच. तरी म्हटलं काजू गोळा करताना बायको ताजी आणि मी का लोळतोय.

एसीवाला_म्हापसा
दोतोर बोलतात ते बरोबर असणार पण मी एवढी वर्षं घरोघरी एसी बसवतो, मला विचाराल तर निम्मी भांडणं वाऱ्याची असतात, डिग्रीची नाहीत. रिमोटवर २४ दिसतं म्हणजे तुमच्या खुर्चीवर २४ असं नाही हो, सेन्सर मशीनच्या आत वरती असतो, मशीन ओढून घेते ती हवा तो मोजतो, छताजवळची. खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सरळ झोत येत असेल तर त्याला १९ वाटणार. साखळीकर तुमची आई कुठे बसते ते बघा, मी पैज लावतो ती समोरच्या सोफ्यावर बसते, कारण तिथून टीव्ही दिसतो. पट्ट्या वर करून झोत छताकडे द्या, पंखा एकवर ठेवा आणि २६-२७ करा, भांडण अर्धं मिटेल. आणि पावसात कूल वर लावूच नका, ड्राय वर लावा, आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्रास गरमीचा नसतो ओलाव्याचा असतो. २०२० पासून नवीन मशीन चालू केली की आपोआप २४ वर येते, सरकारचा नियम आहे, लोक येऊन पहिलं काम १८ करतात, मशीनला १८ गाठता येत नाही, मग मला फोन, गॅस संपला काय बघ रे.

साखळीकर
पैज जिंकलात. सोफा, टीव्हीसमोर.
दोतोर, ताईचं राहिलं.

काणकोणची_बाय
ताईचं मी सांगते, दोतोर नंतर दुरुस्त करतील.
गेल्या वर्षी मी मडगावच्या बाजारात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरायला गेलेले, सुकी सुंगटां (कोलंबी) मोजून घेत होते, गर्दी होती पण तशी नेहमीचीच, आणि अचानक छातीच्या मधून काहीतरी तापलेलं वर सरकलं, मान, मग कानाच्या पाळ्या, मग डोक्यातून घामाच्या धारा, चष्मा धुरकट झाला, ब्लाउज पाठीला चिकटला. बाजारवाली बघतेय, तिने काही न विचारता आपली प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली नि म्हणाली, बस गो, माकाय जाताले (मलाही व्हायचं). पाचेक मिनिटांत सगळं गेलं आणि मग ओल्या अंगाला वारा लागून हुडहुडी. तेच हे, आधी २० कर आणि मग बंद कर. घरच्यांना वाटतं बाईचं डोकं ठिकाणावर नाही. माझ्या नवऱ्याने तर सोयीसाठी दोन पांघरुणं वेगळी केली, ते बरं केलं.
पाळी जायच्या आसपास हे होतं हे मला माहीत होतं, पण इतकं होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. आईने, मावशीने, कुणीच नाही. त्यांनाही झालंच असणार ना?

दोतोर_निवृत्त
दुरुस्तीला जागा नाही, फक्त कारण जोडतो. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो, त्याला थोडा वर-खाली फरक चालतो, त्या पट्ट्यात तो घामही सोडत नाही नि कुडकुडवतही नाही. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटलं की हा पट्टा फार अरुंद होतो. मग चहाचा घोट, जिना, दोन माणसांची गर्दी एवढ्याने शरीर समजतं की आग लागली आणि सगळे नळ सोडतं. जास्त घाम, मग गारठा. अमेरिकेत बायकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली त्यात हा त्रास, ज्यांना वारंवार होतो त्यांच्यात, मध्यम मानाने सात वर्षांहून थोडा जास्त टिकला. त्यामुळे "सहा महिने काढ" हा सल्ला देऊ नये. उपाय आहेत, हार्मोनचे आणि बिनहार्मोनचे दोन्ही, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या.
तरुण मुलींमध्येही महिन्याभरात तापमान बदलतं, बीज सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात अर्ध्या अंशापर्यंत वर असतं. म्हणजे तीच मुलगी, तोच एसी, पण दोन आठवड्यांनी उत्तर वेगळं.

वास्को_दर्या
हे मात्र माहीत नव्हतं.

निवृत्त_मास्तर
हवेवरून कानावर येऊ का? माझं वय ६९. घरात ठपका असा की मला ऐकू येत नाही, आणि मीच शिगम्याच्या रोमटात (मिरवणुकीत) ढोल-ताशे वाजले की कानात बोटं घालून आत पळतो, तेव्हा सगळे हसतात, "आता बरं ऐकू आलं?" शेजारचा ट्रक रिव्हर्स घेताना वाजतो तो मला फार लागतो, पण बायको स्वयंपाकघरातून काय बोलते ते अर्धं कळतं, नातीचं तर काहीच नाही. मित्राशी मात्र फोनवर तास तास बोलतो. बायकोला हे निवडक बहिरेपण वाटतं.

दोतोर_निवृत्त
मास्तर, हे अगदी ठराविक आहे. कानाच्या आतल्या शंखाकृती नळीत केसासारख्या पेशी असतात, त्यातल्या बारीक, उंच स्वराच्या पेशी आधी मरतात. बायकांचे नि लहान मुलांचे आवाज उंच, आणि शब्द ओळखायला लागणारे स, श, फ, थ हेही वरच्याच पट्टीत, म्हणून आवाज येतो पण शब्द येत नाही. मित्राचा आवाज खर्जातला, तो कळतो. आणि हळू आवाज ऐकू येत नाही तरी मोठा आवाज एकदम अंगावर येतो ही त्याच पेशींच्या नुकसानीची दुसरी बाजू, सहन होण्याची मर्यादा वर जात नाही, फक्त खालचा तळ वर येतो. मधली जागा अरुंद होते.
पुरुषांचं हे लवकर आणि जास्त वेगाने होतं. बाल्टिमोरला काही हजार नाही पण शेकडो लोकांची वर्षानुवर्षं तपासणी झाली, त्यात ज्यांच्या कानाला मोठ्या आवाजाची इजा झालेली दिसत नव्हती अशांतसुद्धा पुरुषांची घसरण बायकांपेक्षा दुपटीहून वेगाची निघाली. आपल्याकडे त्यावर डिचोली-सांग्याच्या खाणींवर, गॅरेजात, जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेली वर्षं जोडा.

निवृत्त_मास्तर
बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग मशीन लावा." संपलं.

फोंड्याची_सून
मास्तर लावाच. माझ्या सासऱ्यांनी लावलं, त्याआधी ते जेवताना बोलणंच बंद केलं होतं, आम्हाला वाटायचं रागावलेत.

मोपाजवळचा
डोळ्याचं पण टाका कुणीतरी. मी टॅक्सी चालवतो, पन्नाशी झाली, रात्री समोरून एलईडीवाली गाडी आली की काही सेकंद सगळं पांढरं. आधी असं नव्हतं.

दोतोर_निवृत्त
वयाबरोबर बाहुली अंधारातसुद्धा पुरती उघडत नाही आणि भिंग पिवळट होतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका उजेड पोचतो त्याच्या साधारण तिसरा हिस्सा साठीत पोचतो. त्यात भिंग गढूळ असेल तर समोरचा दिवा आतल्या आत पसरतो, ते पांढरं तेच. मोतीबिंदू तपासा, काच आतून पुसा, चष्म्यावर ओरखडे असतील तर बदला. ह्यात बाई-पुरुष फरक मोठा नाही. घरात वय झालेलं माणूस असेल तर जिन्यावर आणि न्हाणीघराच्या वाटेवर उजेड वाढवा, एवढं सगळ्यांनी आजच करा.

सत्तरीचो
डास कुणाला जास्त चावतात तेही सांगा, आमच्याकडे बायको म्हणते तुझं रक्त गोड.

दोतोर_निवृत्त
रक्ताच्या चवीचा संबंध नाही. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि कातडीवरची आम्लं हुंगून डास येतो. आडदांड माणूस जास्त श्वास सोडतो. गॅम्बिया देशात २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गरोदर बायकांकडे इतर बायकांच्या दुप्पट डास आले होते. घरात गरोदर बाई असेल तर मच्छरदाणी आधी तिला.

काणकोणची_बाय
वासाचं मला विचारायचंय. आमची सासू ८२ वर्षांची, तिच्या हातची सोलकढी म्हणजे लोक वाटी चाटायचे, आता मीठ दुप्पट पडतं आणि विचारलं तर म्हणते बरोबर आहे. परवा दूध करपलं, घरभर वास, ती शेजारच्या खोलीत जपमाळ घेऊन शांत. मी अंगणातून धावत आले.

दोतोर_निवृत्त
आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंच नाकाचं काम असतं. १९८४ साली अमेरिकेत सुमारे दोन हजार लोकांची वास ओळखायची परीक्षा घेतली, त्यात ६५ ते ८० वयातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं नाक मंद निघालं, ८० च्या पुढे तर चारातल्या तिघांहून जास्त. बायका प्रत्येक वयात पुरुषांपेक्षा थोड्या सरस ठरल्या, पण ८२ ला तोही आधार पुरत नाही. मिठापेक्षा मला गॅसची काळजी आहे. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून दुर्गंधीचं रसायन घालतात, ज्याचं नाक गेलंय त्याला ते घातल्याचा उपयोग शून्य. रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय लावा, गळती कळवणारा अलार्म मिळतो तो बसवा. नाक अचानक गेलं असेल तर डॉक्टरला दाखवा, ते नेहमीच वयाचं नसतं.

वास्को_दर्या
धागा चांगला चाललाय पण एक खटकतंय. सगळं शरीरात आहे असं चाललंय. बर्लिनचा २०१९ चा एक अभ्यास फिरतो, पाचशेच्या वर विद्यार्थी, खोली १६ पासून ३३ अंशांपर्यंत बदलली, खोली उबदार असताना मुलींनी गणितं जास्त सोडवली आणि मुलांची थोडी घटली. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर ते टाकून बायकांनी एसी २७ करून घेतला. मला एसीचं दुःख नाही, पण असे आकडे म्हणजे सगळ्या बायका एकीकडे नि सगळे पुरुष एकीकडे असं नसतं. दोन गटांची सरासरी थोडी वेगळी, बाकी मधे एवढी सरमिसळ की समोरच्या एका माणसाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. माझा शेवग्याची शेंग भाऊ कुठे बसवाल?

फोंड्याची_सून
ह्यावेळी वास्कोशी मी सहमत, लिहून ठेवा. पण मला त्याच्या पुढे जायचंय. २००३ साली युरोपात ऑगस्टमध्ये उन्हाची लाट आली, एकट्या फ्रान्समध्ये १५ हजारांच्या आसपास माणसं जास्तीची गेली, बहुतेक म्हातारी, आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त. आता १९९५ चं शिकागो बघा, तिथे सातशेहून जास्त गेले, आणि तिथे वय जमेला धरलं तर पुरुष जास्त, एकटे राहणारे, ज्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं असे. दोन्हीकडे माणसाचं शरीर तेच ना? तर मग बाई मरणार की पुरुष हे घामग्रंथी ठरवतात की कोण कुठल्या मजल्यावर, कुणाबरोबर, दार-खिडकी उघडी की बंद अशा अवस्थेत राहतं ते? पॅरिसमध्ये छपराखालच्या खोल्यांत राहणारे जास्त गेले होते.
आपल्याकडचं सांगते. घरात सगळीकडे पंखा, एका खोलीत एसी, आणि स्वयंपाकघरात पंखा नाही, कारण ज्योत हलते. दुपारी बारा ते दोन, बाहेर ३४, आत कुकर, तवा, भाताचं भांडं, खिडकीला जाळी आणि जाळीवर वर्षाचं तेल. माझी सासू ७१ वर्षांची, ती तिथे उभी असते, ती नखरे करत नाही म्हणून कुणी विचारत नाही. शरीरशास्त्र बरोबर आहे दोतोर, पण ती उभी कुठे आहे ते आधी बघा.

दोतोर_निवृत्त
पूर्ण मान्य. माझ्या नोकरीत उन्हाने पडलेली माणसं शेतातून, बांधकामावरून यायची, स्वयंपाकघरातून आलेल्या बाईला आम्ही चक्कर, अशक्तपणा, बीपी असं काहीतरी लिहून घरी पाठवायचो. त्या कागदांत ऊन कुठेच नसायचं.
आकड्यांचं अजून एक. हवामान खातं समुद्रकिनारी ३७ अंशांच्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचारने जास्त गेलं तर उष्णतेची लाट म्हणतं, मैदानी भागात ४० लागतात. म्हणून गोव्यात लोकांना वाटतं की आपल्याकडे लाट येतच नाही. पण ओलावा धरला तर हिशेब बदलतो. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं ते ३५ झालं की माणूस टिकूच शकत नाही असं मानत होते. २०२२ मध्ये पेन्सिल्व्हेनियात धडधाकट तरुणांवर मोजलं तर दमट हवेत ३१ च्या आसपासच शरीर हात टेकायला लागलं. ते तरुण होते, आणि हलकं काम करत होते. सासूबाईंचं आपण बोलतोय.

कुळागर
दोतोर, मग आज्जीच्या घरात पंख्यावाचून चालायचं ते कसं? थट्टा नाही, खरंच विचारतोय.

दोतोर_निवृत्त
भिंत जाड, छप्पर उंच, नळ्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची, म्हणून चुलीचं घर काळं होतं पण कोंडलेलं नव्हतं. आणि आज्जी दुपारी जेवण झालं की सोप्यावर (ओसरीवर) आडवी व्हायची, तेव्हा कुणी तिला टिफिन मागत नव्हतं. स्लॅब दिवसभर तापतो नि रात्री तीच उष्णता खाली सोडतो, म्हणून हल्ली म्हाताऱ्यांना त्रास दुपारपेक्षा रात्री जास्त. वरच्या मजल्यावर झोपत असतील तर उन्हाळ्यापुरतं खाली आणा.

साखळीकर
सोफा हलवला, पट्ट्या वर केल्या, आई मोजे काढून बसलीय. ताईला धागा वाचायला दिला, ती काणकोणच्या बायंना नमस्कार सांगते आणि म्हणते पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे जाते. बाबा अजून पोफळीतच, पण अकराला पेज घेऊन मी तिथेच जातो, उभ्या उभ्या पितात.
फोंड्याच्या ताईंचं वाचून स्वयंपाकघरात गेलो. आमच्याकडेही पंखा नाही. बायकोला विचारलं तर तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.
एसीवाले भाऊ, ज्योत न विझता काय बसवता येईल?

एसीवाला_म्हापसा
एक्झॉस्ट बसवा, पण लोक चूक करतात ती अशी की एक्झॉस्ट खिडकीच्या शेजारीच लावतात, मग खिडकीतून आलेली हवा तशीच बाहेर जाते आणि शेगडीकडची गरमी तिथेच. शेगडीच्या बाजूच्या भिंतीत वर छताजवळ एक्झॉस्ट, आणि हवा आत यायची वाट समोरून, दार किंवा दुसरी खिडकी, म्हणजे उभ्या माणसाच्या पाठीवरून वारा जाऊन वर निघतो. बारा इंची घ्या, लहान घेऊ नका. भिंतीवर फिरता पंखा पण चालतो, कमरेच्या वरून पाठीवर यावा असा लावायचा, ओट्याकडे तोंड करून नाही, ज्योत हलत नाही. आणि ती जाळी काढून साबणाच्या गरम पाण्यात रात्रभर टाका, त्याला मला बोलवू नका.
भिंत चिऱ्याची असेल तर भोक पाडायला अर्धा दिवस जातो हे आधीच सांगतो.

फोंड्याची_सून
आमची चिऱ्याचीच आहे. शुक्रवार सोडून कधी येताय ते बोला.

एसीवाला_म्हापसा
शुक्रवारी बाजार, तो सोडूनच. फोंड्याला सोमवारी एक काम आहे, बाजूलाच असेल तर त्याच दिवशी करतो. भिंतीचा फोटो व्यनि (खाजगी निरोप) करा, जाळीचा नको.